सेतुरावांच्या गाडीचा पिकअप

सेतुराव गेल्याची बातमी मला त्यांच्या मुलीने फोनवर दिली. पद्मा सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागली आहे. बोलताना ती मराठीतून तमिळमध्ये आणि तमिळमधून इंग्रजीत कधी शिरते ते तिचं तिलाही कळत नाही. त्या सकाळी मात्र ती फक्त मराठीत बोलली. "अंकल, अप्पा नाहींत. रेड हिल्सच्या पुढे लॉरी..." आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. माझी त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणून मी घरी होतो, गालाला अर्धा साबण लागलेला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सेतुराव दिसले नाहीत, वहिनी दिसल्या नाहीत, फोनवर रडू दाबणारी ती पोरही दिसली नाही. मला त्यांच्या गाडीचा कार्बोरेटर दिसला. थोड्याच दिवसांपूर्वी, एका रविवारी, तो मी माझ्या हाताने खोलला होता, साफ केला होता आणि पुन्हा बसवला होता. अशा वेळी माणसाला काय आठवावं ते आपल्या हातात नसतं, असं बायको नंतर मला समजावत राहिली. पण मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, भीती होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

आम्ही दोघे गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात. ते स्टोअरमध्ये, मी तपासणी विभागात. इचलकरंजीहून इथे आलो तेव्हा मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. पहिल्याच दिवशी कॅन्टीनच्या रांगेत ताट हातात धरून मी वाढप्याला खुणा करत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "घ्या, घ्या. तिखट आहे, पण तुमच्या कोल्हापुराएवढं नाहीं." मी दचकून वळलो. कपाळाला बारीक गंध, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर मला पकडल्याचा आनंद. कितीतरी पिढ्यांमागे तंजावरला गेलेल्या घराण्यातले ते. त्यांची मराठी ऐकताना मला सुरुवातीला हसू दाबावं लागे. 'मी काम केलं' असं ते कधी म्हणत नसत, 'मी काम केलों' म्हणत, आणि तेही तमिळच्या चालीवर, शेवटचा शब्द वर उचलून. माझी मराठी ऐकून ते म्हणत, "तुमची पेपरातली मराठी. ऐकायला बरी वाटते, पण भांडण करता येत नाहीं त्यांत." माझं नाव अशोक, पण त्यांनी मला शेवटपर्यंत 'इचलकरंजी' म्हणूनच हाक मारली. "काय इचलकरंजी, आज तोंड कां असं?" ही हाक ज्या दिवशी ऐकू येत नसे त्या दिवशी मला या शहरात परकं वाटे.

दोघांचीही घरं माधवरममध्ये, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. म्हणून पाळी जुळली की मी त्यांच्या गाडीवर मागे बसून कारखान्यात जाई. गाडी म्हणजे एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, काळी, टाकीचा रंग गुडघ्यांच्या घर्षणाने पांढुरका झालेला. ती इतकी सावकाश चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रेड हिल्सवरून कलकत्त्याला जाणारा हमरस्ता, त्यावर आंध्राकडे जाणाऱ्या लॉऱ्या, रुंदीकरणामुळे जागोजागी खोदलेलं, मध्येच डावीकडचा रस्ता बंद करून वाहनं उजवीकडे वळवलेली, पुन्हा कुठेतरी परत आणलेली... आणि त्यात आमची ही गाडी रांगेतल्या म्हाताऱ्यासारखी कडेकडेने. मागे लॉरी येऊन हॉर्नचा भडिमार करू लागली की माझी पाठ आखडून जाई. लॉरीचं इंजिन मला पाठीला गरम लागतंय असं वाटे. मी ओरडायचो, "अहो, ताणा की जरा!" ते मान न वळवता म्हणायचे, "मागचा हॉर्न वाजवतोय मणजे त्याला आपण दिसलों. जो वाजवत नाहीं त्याला भ्या." मला वाटे, हा माणूस मुळातच भित्रा आहे. कारखान्यात त्यावरून त्यांची टिंगल चाले. कोणी उशिरा आलं की म्हणायचे, "सेतुराव सारच्या मागे अडकला होतास काय?" ते स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसत. मीही हसत असे.

गेल्या उन्हाळ्यात गाडी फारच मंदावली. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन आधी घुसमटल्यासारखं दबे, खोकल्यासारखा आवाज काढी, आणि मग कुठे गाडी पुढे सरके. सिग्नल सुटल्यावर मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खाण्यात आमचा दिवस सुरू होई. मला या कामाचा नाद लहानपणापासून. आमच्या गावात चुलत्यांचं गॅरेज होतं आणि शाळा सुटली की मी तिथेच असायचो. कार्बोरेटर हा मला गाडीतला सगळ्यात हुशार भाग वाटतो. त्याला ना वीज लागते ना काही, नुसत्या हवेच्या ओढीवर तो इंजिनाला हवं तेवढं पेट्रोल पाजतो. मी म्हणालो, "राव, येत्या रविवारी मी तुमची गाडी खोलतो." ते म्हणाले, "नको हो. चालतंय ते." मी म्हणालो, "चालतंय कसलं, सरपटतंय. पिकअप कुठाय तिला?" आता वाटतं, त्यांचं ते 'नको' मी नीट ऐकायला हवं होतं. पण कोणी आपल्या मदतीला नको म्हटलं की संकोचाने म्हणतंय असंच आपण धरतो, आणि दुप्पट आग्रह करतो.

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात, तुळशीच्या कट्ट्याशेजारी पोतं अंथरून मी बसलो. जवळ स्टीलच्या वाडग्यात पेट्रोल, जुना दात घासायचा ब्रश, सायकलचा पंप आणि विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार. सेतुराव समोर स्टुलावर. मी पेट्रोलचा कॉक बंद करून नळी काढली, क्लँप सैल केला, वरचं झाकण फिरवून केबलसकट स्लाइड, म्हणजे हँडल पिळलं की वर उचलली जाणारी नळकांडी, बाहेर ओढली, आणि खालची वाटी उघडली. तळाशी तपकिरी गाळ साचला होता, पाकासारखा चिकट. पायलट जेट, पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी, काढून आकाशाकडे धरलं. त्याच्या भोकातून उजेड दिसायला हवा, दिसत नव्हता. अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर गाडी घुसमटते ती इथे. मी जेट पेट्रोलमध्ये भिजत टाकलं आणि तांब्याची तार हळूच आरपार घातली. पोलादी टाचणी घातली तर भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्माची पेट्रोल पिते, हे सगळं मी त्यांना सांगत होतो. ते पोत्यावर मांडलेले भाग बघून म्हणाले, "हे अस्सं सगळं परत आंत जाईल कां? एकादं उरलं तर?" आतून वहिनी कॉफी घेऊन आल्या. "उरलं तर कोशिंबिरींत घालते," त्या म्हणाल्या. "सकाळपासून घरांत पेट्रोलाचा वास. शेजारचे विचारतायत, नवीन फोडणी कसली मणून."

स्लाइडच्या वर एक स्प्रिंग असते आणि तिच्यामधून केबल जाते. त्या स्प्रिंगच्या आत, केबलभोवती, मला काळ्या रबरी नळीचा एक तुकडा दिसला, पेराएवढा. आधी मला काही कळेना. मग लक्षात आलं... हा तुकडा तिथे असेपर्यंत स्लाइड अर्ध्याच्या वर उचललीच जाणार नाही. हँडल कितीही पिळा, गाडीला निम्माच श्वास. "हे बघा!" मी ओरडलोच. "जेट तुंबलं ते तुंबलंच, पण हे बघा काय करून ठेवलंय! कुठल्या गाढवाने घातलं हे?" सेतुरावांनी तुकड्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग हसले. "गाढवच असेल," म्हणाले. "आणखी कोण घालील?" मी तो तुकडा कंपाउंडपलीकडच्या गटारात भिरकावला. स्लाइड पुसून बसवली, हवेचा स्क्रू कानाने जमवला, इंजिनाचा आवाज एका लयीत येईपर्यंत. जुनी पेट्रोलची नळी कडक झाली होती म्हणून मी येताना नवी पारदर्शक नळी आणली होती, ती जोडली आणि उरलेला तुकडा त्यांच्या ओसरीतल्या खिळ्याला अडकवून ठेवला. मग गल्लीत एक फेरी मारून दाखवली. गाडी बाणासारखी सुटली. सेतुराव फाटकात उभे राहून टाळ्या वाजवत होते. "आहा! तरुण झालं हो!" वहिनी दारात उभ्या राहून नुसत्या गाडीकडे बघत होत्या. मला वाटलं, कॉफीचे पेले लवकर रिकामे हवे असतील.

त्यानंतर काही दिवस आम्ही बरोबर गेलो. सुरुवातीची घुसमट गेली होती, सिग्नलवरून गाडी लगेच हलत होती. "पाह्यलांत इचलकरंजी, कसं सुटतंय!" ते दर सिग्नलला म्हणायचे. पुढे हमरस्त्यावर मात्र पुन्हा तीच कडेची चाल. मी म्हणालो, "आता गाडीत दम आहे, राव. दम वापरा." ते म्हणाले, "दम साठवून ठेवतों. म्हातारपणी लागेल." मग माझी दुसरी पाळी लागली. आणि तो फोन आला.

अपघात झाला तो रुंदीकरणामुळे वळवलेल्या एका जागी. उजवीकडून परत डाव्या रस्त्याला येताना समोरून त्याच फटीतून वळवलेल्या लॉऱ्यांची वाट ओलांडावी लागे. सेतुराव ओलांडत होते आणि लॉरीने गाडीच्या मागच्या चाकाला धडक दिली. पोलिसांनी एवढंच सांगितलं. त्यापुढचं मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं. पण डोळे मिटले की मला ते दिसे: ते थांबलेले आहेत, मोकळी जागा बघतात, सवयीने हँडल पूर्ण पिळतात, कारण त्यांच्या मनगटाला त्या अर्ध्या श्वासाचीच सवय आहे... आणि माझी ती तरुण झालेली गाडी त्यांच्या हातातून उसळते. त्यांच्या घरी मी रोज जात होतो, क्रियाकर्मातलं सगळं केलं, भटजींना आणणं-सोडणं, पद्माला घेऊन तिच्या ऑफिसात रजेचे कागद देऊन येणं. पण पोलीस ठाण्यातून टेम्पोने गाडी आली, मागचं चाक दुमडलेली, आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली, त्या दिवसापासून मी त्या घरात शिरताना मान दुसरीकडे वळवून शिरू लागलो. गाडीचा पुढचा भाग जसाच्या तसा होता. कार्बोरेटरला ओरखडाही नव्हता.

तेराव्यानंतर एक दिवस वहिनींनी मला बसवून घेतलं. "अशोकराव, एक काम आहे. गाडीतलं ते तुम्ही उघडता ते, एकदां उघडून पहायचं." मी विचारलं, कशासाठी. त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "त्यांत एक नळी असायची. मीच कापून दिल्यें, विळीवर. ती आहे कां, एवढंच पहायचं." मग त्यांनी सांगितलं. पद्मा लहान असताना तिघं पुळलच्या तलावाकडून येत होती. गाडीची स्लाइड वर गेली ती अडकून बसली. सेतुरावांनी हँडल सोडलं तरी इंजिन ओरडतच राहिलं, गाडी पळतच राहिली. पद्मा पुढे टाकीवर बसलेली. किल्ली फिरवायचं त्यांना सुचलंच नाही. "ते 'बंद हो, बंद हो' मणून गाडीला ओरडत हुते. मी मागून त्यांचा शर्ट धरल्यें तो फाटला." शेवटी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगाने त्यांना थांबवलं. कोणाला फारसं लागलं नाही. पण घरी आल्यावर वहिनींनी त्यांना देवासमोर उभं केलं आणि पुन्हा गाडीला हात लावायचा नाही म्हणाल्या. त्यावर सेतुरावांनी हा उपाय काढला: नळीचा तुकडा आत ठेवायचा, म्हणजे स्लाइड पुन्हा कधी अडकलीच तर अर्ध्यावरच अडकेल. देवाच्या पुढ्यात त्यांनी शब्द दिला की नळी आत असल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणार नाही.

मी काही सांगायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "तुम्ही ती फेकलांत ते मला माहीत आहे. मी आंतून ऐकत हुत्यें. गाढव मणालांत." आणि एवढ्या दुःखातही त्यांच्या ओठांच्या कडेला किंचित हसू आलं. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? "तुम्ही आमच्याकरतां एवढं करत हुतां. पाहुण्याला कसं सांगायचं? त्यांनाही तेच वाटलं असेल. रात्री मी त्यांना विचारल्यें नाहीं. पाहू, आपणहून परत घालतात कां, मणून. रोज पहात हुत्यें... मग राहूनच गेलं. आतां मला एवढंच कळायला पाहिजे. ते शब्द ठेवून गेले की मोडून गेले."

म्हणजे त्या रविवारी आम्ही तिघे तिथे होतो आणि तिघांपैकी दोघांना माहीत होतं. मला एक वाक्य ऐकवायला त्यांना भीड पडली. आणि आता त्यांना जे हवं होतं नेमकं त्याचीच मला धास्ती होती. नळी आत नसेल तर माझ्या हाताने त्यांचा शब्द मोडला गेला, आणि माझ्या हातानेच ते गेले. मी म्हणालो, बघतो. आणि टाळू लागलो. आज पाना आणला नाही. आज पाळी बदलली. आज अंगात कणकण आहे, आणि ती खरोखरच येऊ लागली होती. कारखान्यात मापं तपासताना चुका होऊ लागल्या. साहेबांनी मला दोन दिवस घरी बस म्हणून सांगितलं. घरी बसणं त्याहून वाईट होतं. गल्लीतून कोणाचीही टू-स्ट्रोक गेली की माझा घास तोंडातच राही. बायको म्हणाली, "उघडा आणि मोकळे व्हा. याहून वाईट काय होणार आहे?" तिला काय सांगणार... बंद असेपर्यंत ती नळी आत असूही शकत होती.

शेवटी एका दुपारी मी गेलो. पाना मुद्दाम खिशात घेतला, म्हणजे पुन्हा सबब उरणार नाही. पद्मा कामावर होती. वहिनी ओसरीच्या पायरीवर बसल्या, गाडीपासून हातभर. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं होतं, नुसता शिळा वास उरला होता. वरचं झाकण हातानेच फिरतं, पण माझी बोटं त्यावरून घसरत होती. मी ते रुमालाने धरून फिरवलं. फिरवताना मी देवाचं नाव घेत नव्हतो. 'असू दे, असू दे' एवढंच म्हणत होतो. केबलसकट स्लाइड वर आली. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमधून काहीतरी चमकलं. पारदर्शक नळीचा तुकडा, पेराएवढा, कड तिरकी कापलेली. मी आणलेल्या नव्या नळीचाच. मान वर करून पाहिलं, खिळ्याला अडकवलेला उरलेला तुकडा तेवढ्यानेच आखूड झाला होता.

त्या क्षणाचं मला लिहायला लाज वाटते, पण ते वगळून पुढे जाता येणार नाही. मला आनंद झाला. मित्राच्या मोडक्या गाडीसमोर, त्याच्या बायकोच्या समोर बसून मला इतका आनंद झाला की मी हसलो. गाडी उसळली नव्हती. उसळणं शक्यच नव्हतं. मी सुटलो होतो. वहिनींनी तुकडा बोटांत धरला आणि त्याही हसल्या, डोळ्यांतून पाणी येत असताना. "ठेवले," त्या म्हणाल्या. "शब्द ठेवले. मला एका अक्षरानं बोलले नाहींत, तुम्हांलाही बोलले नाहींत... टाळ्या वाजवून हे आंत घातले. अस्सल लबाड!" आम्ही दोघेही थोडा वेळ असे बसलो होतो, जणू सेतुराव आताच आमची खोडी काढून आत गेले आहेत.

मग वहिनी माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. माझं हसू अजून पुसलं गेलं नसावं. त्यांचं मात्र हळूहळू मावळत गेलं. "हे असलं मणजे गाडी जोरांत जात नाहीं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. "आणि जोरांत जायला पाहिजे असलं तर? लॉरी येते मणून... पटकन निघायला पाहिजे असलं तर?" तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. इतके दिवस जे ओझं माझ्या छातीवर होतं ते मी आनंदाच्या भरात उचलून त्यांच्या हातात ठेवलं होतं. नळी त्यांनीच कापून दिली होती, शब्द त्यांनीच घेतला होता. मी ताबडतोब म्हणालो, "छे, छे. थांबलेल्या गाडीला सुरुवातीला एवढा अ‍ॅक्सिलरेटर लागतच नाही. नळीचा आणि त्याचा काही संबंध नाही." त्यांनी विचारलं, "खरं सांगतां ना?" मी हो म्हणालो. मी या कामातला माणूस आहे म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. किंवा ठेवल्यासारखं केलं.

पण मला स्वतःला खात्री नव्हती. आणि एक भीती गेली होती तिच्या जागी दुसरी येऊन बसली होती. त्या वळणावर एक चहाची टपरी आहे. बसमधून जाताना इतके दिवस मी तिच्या बाजूला बघत नसे. एका पाळीनंतर मी तिथे उतरलो. टपरीवाल्याला सेतुराव आठवत होते. कधीकधी ते तिथे थांबून चहा घेत. त्याने हातातली किटली खाली ठेवली आणि बोटाने रस्त्यावर रेघ ओढून दाखवली: लॉरी तिथून आली, सार इथे होते, त्यांनी लॉरी पाहिली, ते खाली वाकले, हँडल पिळलं. मग त्याने मान हलवली. "वंडील पिकअप इल्लै, सार." म्हणाला, गाडीला पिकअपच नव्हता. चहा पिणारा दुसरा एकजण म्हणाला, तसं नाही, लॉरीचाच वेग फार होता, विमान असतं तरी निघालं नसतं. दोघांचा वाद सुरू झाला. मी पेला अर्धा ठेवून उठलो. कोणाचं खरं मानायचं? रोज ते दृश्य सांगून सांगून टपरीवाल्याच्या मनात त्याची गोष्ट झाली असेल. पण त्याचा 'पिकअप' हा शब्द माझ्याच रोजच्या बोलण्यातला होता, मीच सेतुरावांना हजारदा म्हटलेला, आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या रविवारी मी गाढव म्हटलं नसतं, नुसतं विचारलं असतं की ही नळी कशासाठी आहे, तर आम्ही तिघे बसून त्यावर बोललो असतो. मी त्यांना सांगितलं असतं की स्लाइड अडकते ती मळाने आणि झिजलेल्या केबलने, ती साफ ठेवली, केबल बदलली तर नळीची गरज नाही. आणि अडकलीच तर किल्ली कशी बंद करायची ते दोघांना करून दाखवलं असतं. वहिनी कदाचित तयार झाल्या असत्या. कदाचित सेतुराव आत्ता मागच्या लॉरीला हॉर्न वाजवू देत रेड हिल्सवरून येत असते... असं मी रोज बसमध्ये मनात म्हणतो. दुसरीकडे हेही वाटतं की त्यांना ती नळी हवीच होती. लोक हसायचे, मी हसायचो, तरी हा माणूस रोज ठरवून सावकाश गेला. त्याला मी भित्रा समजत होतो. आपल्या माणसांना ज्याने एकदा तसं घाबरलेलं पाहिलं, तो पुढे टिंगलीला कशाला भिणार?

या पुरवणीच्या संपादकांनी सेतुरावांबद्दल लिहा म्हटलं तेव्हा मी वहिनींना विचारलं. त्यांना बरं वाटलं. "छापून आलं की घेऊन या," म्हणाल्या. त्यांच्या घरात बोलतात मराठी, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. वहिनींना देवनागरी वाचता येत नाही, पद्मालाही नाही. हे लक्षात आल्यावर मला एकदम धीर आला होता, हेही सांगून टाकतो. वाटलं, इथे मन मोकळं करावं, टपरीवाल्याचंही लिहावं, आणि त्यांच्यापुढे पान नुसतं धरावं. पण वहिनी पुढे म्हणाल्या, "येऊन वाचून दाखवा. सावकाश वाचा हं, तुमची पेपरातली मराठी मला पटकन कळत नाहीं. आणि सगळं वाचा."

ओसरीत गाडी अजून आहे. तिच्या शेजारी सेतुरावांचं स्टूल असतं आणि माझ्यासाठी वहिनी तेच पुढे करतात. येत्या रविवारी मी त्यावर बसून हे वाचणार आहे, आणि त्या पायरीवर, माझ्यासमोर. टपरीशी आलो की दोन ओळी गाळून पुढे जावं, असं मी आजही दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. अक्षरं त्यांना लागत नाहीत, पण माझा चेहरा लागतो. त्या दिवशी झाकण उघडल्यावर त्यांनी तो वाचलाच होता. आम्ही एकदा भिडेपोटी गप्प बसलो, त्याचं काय झालं ते दोघांनाही माहीत आहे. म्हणून त्या दोन ओळींसकट मी हे छापायला दिलं आहे. तिथे पोचल्यावर माझा आवाज अडखळला तर त्या थांबवतील, विचारतील, "पुढे काय?" आणि मला ते वाचावं लागेल.